सुनेला विचारलंत, मुलाला विचारलंत का?

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव ओळखू येणार नाही इतपत बदल करून आणि थोडं आटोपशीर करून ते आधी देते.

"माझं वय ६१. माहेर येवल्याकडचं, लग्न होऊन नाशिकला आले. मिस्टर ओझरला नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. थोरली मुलगी सासरी पुण्याला. मुलगा ३५ वर्षांचा, सून ३३ची. त्यांच्या लग्नाला पाच वर्षं झाली. सून अंबडला एका कंपनीत क्वालिटीला इंजिनिअर आहे, मुलगा आयटीत. पाथर्डी फाट्याला दोघांचा फ्लॅट आहे, हप्ते मिळून भरतात. सून स्वभावाने चांगली आहे, मनात एक आणि ओठावर एक असं तिचं नाही. दिवाळीत मी विषय काढला तर म्हणाली, 'आई, मूल हवं की नको हेच मला अजून कळत नाहीये. बहुतेक नको.' तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मुलगा काहीच बोलत नाही.

माझं लग्न बी. ए. झाल्या झाल्या लागलं. बी. एड.ला नंबर लागला होता, पण दिवस गेले म्हणून ते राहिलं. आम्ही कुठे एवढा विचार करत बसलो होतो? मुलगी, मग मुलगा झाल्यावर मी ऑपरेशन करून घेतलं, तर सासूबाई वर्षभर नीट बोलल्या नाहीत. त्यांना 'एकाला एक भाऊ' हवा होता.

मध्ये जावेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आमची सून ओटी भरायला उठली तर कोणीतरी म्हणालं, 'थांब गं, आधी लेकुरवाळीला भरू दे.' ती मुकाट्याने बसली. त्यानंतर ती आमच्याकडच्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही. नणंद म्हणते, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या, मी गुरुजींशी बोलून तारीख घेते. जाऊ म्हणते, एकदा दिवस गेले की माया आपोआप लागते, तिला काय विचारत बसता, मुलाला सांगा. तिचं वय निघून चाललंय. आमचा वंश इथेच थांबायचा का? तिला कसं समजावू? आणि लोकांना काय सांगू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

नातवंड हवंसं वाटतं म्हणून तुम्ही जुन्या विचारांच्या ठरत नाही, हे आधी सांगते. मांडीवर लहान मूल घ्यावं, त्याला न्हाऊ-माखू घालावं, आपल्या घरची गाणी त्याला म्हणून दाखवावीत, ही ओढ खरी असते आणि तिची लाज वाटून घेण्याचं कारण नाही. 'एखादा छंद लावून घ्या, मन रमेल' असला सल्ला मी तुम्हाला देणार नाही. नातवाची ओढ भजनी मंडळाने किंवा सहलींनी भागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण तुमची ओढ ही तुमची आहे. ती पुरी करण्याचं काम सुनेच्या अंगावर पडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि माझं पुढचं सगळं उत्तर याच धाग्यावर आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते बी. एड.च्या ओळीने. नंबर लागला होता, दिवस गेले, राहिलं. चाळीस वर्षांपूर्वीची एवढी मोठी गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं होतं का, की मूल आत्ता हवं की बी. एड. झाल्यावर? 'आम्ही कुठे विचार केला' असं तुम्ही लिहिता. माझ्या मते विचार करण्याची मुभाच तुम्हाला मिळाली नव्हती. शिक्षिका झाला असतात तर आज तुम्ही पेन्शनर असतात. मुलं तुम्हाला प्राणाहून प्रिय आहेत याबद्दल मला शंका नाही. पण मुलं प्रिय असणं आणि काहीतरी हातचं गेल्याची बोच असणं, हे एकाच बाईच्या मनात सुखाने राहू शकतं. सूनबाई नेमकी त्याच ठिकाणी उभी आहे. फरक इतकाच की तिला थांबून विचार करता येतोय, आणि ती करतेय.

आता ती काय पाहत असेल तेही बघू या. तुमच्या पिढीच्या सुनेकडून घर, स्वयंपाक, सणवार, आलं-गेलं आणि मुलं एवढ्याची अपेक्षा होती. ते ओझं काही कमी नव्हतं. आजच्या सुनेकडून मात्र पदवी हवी, पगार हवा, फ्लॅटच्या हप्त्यात निम्मा वाटा हवा. लग्न जमवताना वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर लोक आता 'नोकरी करणारी' असं आवर्जून लिहितात. नवी अपेक्षा आली म्हणून जुनी एकही कमी झाली नाही. घर, स्वयंपाक, सणवार, मुलं हे सगळं जिथल्या तिथे आहे. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. हे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आकडे झाले. हात न लावणाऱ्यांची संख्या त्याहून खूप मोठी निघाली.

मूल आलं की या हिशेबात काय भर पडते, ते तुमच्या सुनेने ऑफिसातल्या मैत्रिणींकडे बघून कधीच मांडून पाहिलं असेल. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. चांगलीच गोष्ट आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच दुरुस्तीत आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात काय? तुम्ही तिला एकदा सहज विचारा, तुझ्या कंपनीत पाळणाघर आहे का गं? बाळाला ताप आला तर कोणी घरी थांबायचं? बापाला तर खासगी नोकरीत रजा द्यायलाच हवी असा कायदाच नाही; केंद्र सरकारच्या नोकरीत असला तर १५ दिवस मिळतात. म्हणजे कागदावरसुद्धा मूल आईचंच. सहा महिन्यांनी कामावर परतलेली बाई साहेबांच्या नजरेत 'आता हिचं लक्ष नाही' अशी होते आणि बढतीच्या वेळी तिचं नाव मागे सरकतं. हे ती रोज बघते. त्यामुळे तिचा 'बहुतेक नको' हा मूल होण्यालाच नकार आहे की या मांडणीला, ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. कदाचित तिलाही अजून नसेल. म्हणूनच ती 'कळत नाहीये' म्हणाली. हा शब्द प्रामाणिक आहे, ताई. खोटं सांगून वेळ मारून नेणं तिला सहज जमलं असतं. तुमच्याशी ती खरं बोलली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि आता मुलगा. एवढ्या लांब पत्रात तो एकाच वाक्यात येतो: 'मुलगा काहीच बोलत नाही.' सुनेला कसं समजावू हे तुम्ही विचारलंत, लोकांना काय सांगू हे विचारलंत. मुलाला काय हवंय हे विचारावंसं तुम्हाला वाटलंच नाही. मूल दोघांचं, आणि प्रश्न मात्र एकटीला. त्याच्या गप्प बसण्याची सगळी किंमत ती मोजतेय. ओटीच्या वेळी खाली बसवलं ते तिला. त्याला कुठल्या कार्यक्रमात कोणी 'थांब रे' म्हणालं?

म्हणून तुमचं पहिलं काम मुलाकडे आहे. त्याला एकट्याला घरी बोलवा, जेवायला वाढा आणि शांतपणे विचारा. 'तुला मूल हवंय का?' हा पहिला प्रश्न. 'हवं असेल तर त्यासाठी तू स्वतः काय सोडशील?' हा दुसरा, आणि खरा. रात्री तो उठेल का? कंपनीकडून काही महिने अर्धा वेळ मागेल का? बढती एखाद वर्ष पुढे गेली तर चालेल का त्याला? 'ती बघेल की' असं उत्तर आलं तर तुमच्या सुनेला अजून का कळत नाहीये, याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. आणि त्यालाही मूल नको असेल तर मग एकटीवर दोष ठेवायचा प्रश्नच मिटला. ते त्याने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगायला हवं. हे त्याच्याकडून करून घेणं आईला जमतं, बायकोला जमेलच असं नाही.

आणखी एक शक्यता मनात ठेवा. विचारू नका, फक्त मनात ठेवा. कदाचित ते दोघं प्रयत्न करत असतील आणि होत नसेल. अशा वेळी 'बहुतेक नको' हा शब्द पांघरूण म्हणून वापरणारी जोडपी असतात, कारण 'होत नाही' म्हटलं की सगळ्या भावकीच्या तोंडी ते जातं. तसं असेल तर डोहाळजेवणातला तो एक शब्द किती खोल गेला असेल! वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं; बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि तपासणी दोघांची. मूल न होण्याच्या प्रकरणांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, पूर्ण नाही तर थोडंफार तरी. पुरुषाची पहिली तपासणी साधी असते, वीर्याचा नमुना द्यायचा आणि अहवाल घ्यायचा, तरी आपल्याकडे बाई वर्षभर सोनोग्राफ्या आणि इंजेक्शनं सोसते आणि नवरा बाहेर बाकावर बसून असतो.

नारायण नागबळीचंही याच ओघात. तुमची श्रद्धा असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हा तीन दिवसांचा विधी जोडप्याने बसून करायचा असतो, आणि त्या दोघांना न विचारता नणंदबाईंनी तारीख घेणं म्हणजे तिच्या पोटाची चर्चा त्र्यंबकपर्यंत नेणं. आजच फोन करून तारीख घेऊ नका म्हणून सांगा. त्यांना दोघांना स्वतःहून करावंसं वाटलं तर तो वेगळा भाग.

वयाचं तुम्ही लिहिलंत, ते चुकीचं नाही. स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत वयाबरोबर उतरते. पस्तिशीनंतर हा उतार जास्त वेगाने होतो, आणि आयव्हीएफने तो सगळा भरून निघत नाही. जास्त वयात गर्भपाताचं आणि बाळात गुणसूत्रांचे दोष असण्याचं प्रमाण वाढतं. ३३ म्हणजे वेळ संपली असं नाही, पण 'बघू कधीतरी' म्हणत पाच वर्षं काढण्याइतकी ती मोकळीही नाही. बीजं गोठवून ठेवण्याची सोय आहे, पण त्यातून पुढे मूल होईलच अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. हे सगळं त्या दोघांनी एखाद्या चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञासमोर बसून ऐकावं, म्हणजे निर्णय हो किंवा नाही काहीही होवो, तो माहितीवर होईल. हे तुम्ही एकदाच, मुलामार्फत, सांगा. एकदाच. सूनबाई इंजिनिअर आहे, स्वतःचं वय तिला मोजता येतं. दर सणाला तेच ऐकलं की माणूस ऐकणं बंद करतो आणि येणंही.

जावेच्या सल्ल्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. 'एकदा दिवस गेले की माया आपोआप लागते.' हा सल्ला घरोघरी प्रेमानेच दिला जातो, आणि तो वाईट आहे. बाईची तयारी नसताना, तिला गाफील ठेवून किंवा दबाव आणून आई करणं ही जबरदस्ती आहे. माया लागतेही बऱ्याचदा, तुम्हालाही लागली. पण ज्या बायकांना बाळंतपणानंतर नैराश्य येतं, ज्या बाळाकडे बघून रडतात आणि कोणाला सांगू शकत नाहीत, त्यांना आपण वर आणखी 'कसली आई तू' म्हणतो. आपल्या कायद्यानेही या बाबतीत सज्ञान बाईचाच शब्द धरला आहे. गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. मुलाला 'सांगून' हे घडवायचा विचार मनातून काढून टाका. असं काही झालं आणि तिला कळलं, तर मूल घरात येईल पण सून घरातून गेलेली असेल.

हे सगळं आजकालच्या मुलींचं खूळ आहे, असं तुम्हाला कोणी म्हणालं तर सांगा, आपल्याकडे हा विचार शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि ते निभावलं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं! आणि आज? महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत, असं २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितलं. कर्व्यांना शिव्या देणाऱ्यांच्या पणत्या आज कर्व्यांचंच ऐकतात.

तुम्हीही ऐकलंत, ताई. दोन मुलांवर तुम्ही ऑपरेशन करून घेतलंत, तेही सासूबाईंच्या मनाविरुद्ध. त्यांच्या लेखी तुम्ही वंश अर्धवट सोडलात. वर्षभर त्यांचं तोंड फिरलेलं होतं तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं ते आठवा. तेव्हा तुम्ही बरोबर होतात. शरीर तुमचं होतं, संसार तुमचा होता, पगार किती येतो हे तुम्हाला माहीत होतं. वंशाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की तुमची मुलगी पुण्याला आहे, तीही तुमचीच आहे. तिला मुलं असतील तर ती तुमची नातवंडं आहेत, आडनाव कोणतंही असो.

लोकांना काय सांगायचं? जितकं कमी तितकं बरं. 'ते दोघं बघतील, आमचं काही म्हणणं नाही' हे वाक्य पाठ करून ठेवा, आणि पुढे कोणी ताणलं तर 'हा विषय आमच्याकडे बंद आहे' म्हणा. दोन-तीनदा ठामपणे म्हटलंत की विचारणारे दमतात. लोक विचारतात ते आपण उत्तर द्यायला थांबतो म्हणून. पण 'काय करणार बाई, आजकालच्या मुली' असं हसून कधीही म्हणू नका. ते कोणाच्या तरी तोंडून सुनेपर्यंत पोचतंच.

आणि ओटीच्या त्या दिवसाचं अजून निस्तरायचं राहिलंय. त्या वेळी तुम्ही तिथे होतात आणि गप्प राहिलात, असं पत्रावरून दिसतं. तिला जेवढं त्या बाईचं लागलं, त्याहून जास्त तुमचं गप्प राहणं लागलं असणार. फोनवर नको, पाथर्डी फाट्याला जाऊन भेटा, मुलगा घरी नसेल अशा वेळी. मूल हा विषय काढायचा नाही. एवढंच म्हणा, 'त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पुन्हा असं होऊ देणार नाही.' ती काही बोलली नाही तरी चालेल, चहा घ्या आणि या. पुढच्या वेळी घरात कोणाचं डोहाळजेवण असेल तर यजमानीणबाईंना आधीच सांगा, आमची सून पहिल्या पाचांत ओटी भरेल, जमणार नसेल तर आम्ही दोघीही येणार नाही. कोणी नाराज होईल, होऊ दे. लेकुरवाळीने ओटी भरली की मूल सुखरूप होतं आणि दुसरीने भरली की होत नाही, याला काहीही आधार नाही. ती फक्त बायकांनीच बायकांना दुखवायची एक चाल आहे, आणि ती मोडायला आपल्यासारख्या साठीच्या बायकाच हव्यात, कारण आपलं कोणी फारसं मोडून काढत नाही.

'मी सांभाळीन बाळाला' असं वचन देण्याआधी स्वतःला विचारा. ६१व्या वर्षी रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सात रांगतं मूल, गुडघे, रक्तदाब, मिस्टरांचं पथ्य, हे खरंच जमेल? आणि हवंय का? आयुष्यभर सांभाळण्यातच गेलेल्या बाईने साठीनंतर नाही म्हटलं तर त्यात काही वावगं नाही. जमणार असेल तर मोघम बोलू नका. आठवड्याचे कोणते दिवस, किती तास, किती वर्षं, असं सांगा. अशा ठोस शब्दाचा तिला विचार करताना खरा उपयोग होईल.

आणि समजा, दोघांनी मिळून 'नको' असंच ठरवलं. तुम्हाला दुःख होईल. होऊ द्या, त्यासाठी रडा, मिस्टरांशी बोला, जवळच्या एका मैत्रिणीशी बोला. फक्त तिच्यापुढे नको. उलट समजा दोन वर्षांनी बातमी आलीच, तर 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य ओठावर येऊ देऊ नका.

हे उत्तर सूनबाईला वाचायला देऊ नका. तिने यातलं बरंचसं आधीच विचारात घेतलेलं असेल आणि 'सासूबाई आता लेख दाखवायला लागल्या' असंही तिला वाटेल. मुलाला द्या. त्याने पूर्ण वाचलं की नाही ते विचारा, आणि वाचलं म्हणाला तर मधल्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्यासमोर द्यायला लावा.